नदीच्या खोऱ्यातून शहर पाहणारे पॅट्रिक गेडिस

नंदुरबार-नवापूरकडची माणसं कामधंद्यासाठी सुरत गाठतात, तेव्हा राज्याची सीमा कधी ओलांडली ते कळतही नाही. शहर आणि त्याला माणसं, पाणी पुरवणारा मुलूख वेगळा काढता येत नाही, हे शंभर वर्षांपूर्वी ठासून मांडलं सर पॅट्रिक गेडिस यांनी.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा, स्कॉटलंडमधला. ते ना इंजिनिअर, ना आर्किटेक्ट, मूळचे जीवशास्त्रज्ञ. मेक्सिकोत काही काळ दृष्टी गेली, सूक्ष्मदर्शकाचं काम अवघड झालं आणि लक्ष समाजाकडे वळलं. पत्नी अ‍ॅनासह ते एडिंबरोच्या मोडकळीला आलेल्या वस्तीत राहायला गेले. तिथली घरं पाडण्यापेक्षा दुरुस्त करण्यावर त्यांचा भर होता.

१९१४ मध्ये नगररचनेचं प्रदर्शन घेऊन ते भारताकडे निघाले. प्रदर्शनाचं सामान असलेलं जहाज जर्मनांच्या एम्डेन युद्धनौकेने बुडवलं. तरी नवं सामान जमवून त्यांनी मद्रासला प्रदर्शन भरवलंच. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा शहरांवर त्यांनी अहवाल दिले, त्यात सुरतही होतं. तेव्हा सुरत आणि खानदेश एकाच इलाख्यात होते.

त्यांचा हिशोब साधा होता. आधी पाहणी, मग आराखडा. रुंद रस्त्यासाठी सरसकट घरं पाडली तर गरीब दुसऱ्या गल्लीत दाटी करून राहतो, भाडं वाढतं, रोगराईही वाढते. म्हणून पडकी घरं तेवढी काढा, मोकळा चौक करा, झाडं लावा. आणि शहर बघायचं ते डोंगरापासून समुद्रापर्यंतच्या नदीच्या खोऱ्यासकट.

१९१७ साल वाईट गेलं. मुलगा युद्धात पडला, पाठोपाठ अ‍ॅना कलकत्त्यात वारल्या. काम मात्र थांबलं नाही. प्लेगने त्रासलेल्या इंदूरला त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढली. ती स्वच्छ ठेवलेल्या रस्त्यांवरून जाणार म्हटल्यावर लोकांनी घरं-गल्ल्या झाडून काढल्या. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक. मालवणचे गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये फ्रान्समध्ये त्यांचं निधन झालं.

१९६० मध्ये राज्यं वेगळी झाली, खोरं एकच राहिलं. २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं, ते पाणी वरून, महाराष्ट्रातूनही आलं होतं. सुरतच्या विकास प्राधिकरणाची हद्द मात्र गुजरातेतच संपते. त्या नकाशात उधना-लिंबायतमधली कामगाराची खोली येते, त्याचं खानदेशातलं गाव येत नाही.