राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

६ डिसेंबरला बाबासाहेबांना अभिवादन करण्यासाठी कारंजा लाडहूनही आमचे समाजबांधव निघतात. मूर्तिजापूरला गाडी धरायची, दादरला उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे आणि परतायचे. त्याच दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे आहे. त्या वास्तूत गेल्याशिवाय आपली ही वारी पुरी होत नाही, असे आम्हाला वाटते.

घर नाकारले गेलेल्या माणसाचे हे घर आहे. १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. पुढे परळच्या चाळीत, एकाच खोलीत सारा संसार. तिथे सुभेदार रामजींनी पहाटेच्या अंधारात मुलाला अभ्यासाला बसवले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा विद्वान १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, पण त्याला राहायला कुणी जागा देईना. पारशी नाव सांगून तो एका पारशी वसतिगृहात राहिला. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्याला बाहेर काढले. त्याच वर्षी महायुद्धात बोट बुडाली आणि त्याची पुस्तकेही समुद्रात गेली. ज्याला जागा नाही, त्याची पुस्तके तरी कुठे ठेवणार?

त्याचे उत्तर म्हणजे राजगृह! १९३० नंतरच्या काळात बाबासाहेबांनी ही वास्तू बांधली, ती मुख्यतः ग्रंथांसाठी. नाव दिले बुद्धकाळातील मगधाच्या राजधानीचे. धर्मांतर १९५६ सालचे, पण बुद्ध या घराच्या नावात आधीच आला होता. चार लेकरे गमावलेल्या माता रमाईंना मात्र हे घर फार दिवस लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी इथेच त्यांचे निधन झाले. दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचे पार्थिवही आधी इथेच आणले गेले आणि ७ डिसेंबर १९५६ रोजी इथूनच अंत्ययात्रा निघाली.

आज तळमजल्यावर संग्रहालय आहे. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आणि छायाचित्रे पाहताना डोळे भरून येतात. ७ जुलै २०२० रोजी समाजकंटकांनी याच वास्तूच्या आवारात तोडफोड केली, तेव्हा सारा समाज संतापून उठला. तो संताप रास्तच होता. पण कुंड्या आणि काचा पुन्हा बसवता येतात. बाबासाहेबांचे वाचन आपण सोडले, तर ते नुकसान कोण भरून देणार?

म्हणून आमचे कारंज्यातील बांधवांना एकच सांगणे आहे. राजगृह पाहून परतताना केवळ फोटो आणि बिल्ले आणू नका, पुस्तके आणा. आपल्या विहारात एक कपाट ठेवा. ते कुलूपबंद नको; संध्याकाळी पोरापोरींच्या हाती पडेल असे ठेवा. भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या मुलालाही अभ्यासाला उजेड आणि बसायला जागा मिळाली, तर राजगृहाची एक खोली आपण कारंज्यात बांधली असे होईल.

जयभीम!