डाव्या हाताचा नेम

मध्य युरोपात हंगेरी नावाचा एक लहानसा देश आहे. त्याची राजधानी बुडापेस्ट. ह्या शहरात २१ जानेवारी १९१० रोजी कारोय ताकाच ह्याचा जन्म झाला. तरुणपणी तो सैन्यात भरती झाला आणि सार्जंटच्या हुद्द्यास पोहोचला. सैन्यात पिस्तूल पुष्कळांच्या हाती असते. परंतु कारोयच्या हाती ते जसे स्थिर राही तसे फार थोड्यांच्या हाती राहत असेल. १९३६ सालापर्यंत जगातील उत्तम नेमबाजांत त्याची गणना होऊ लागली होती.

त्याच साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले. हंगेरीच्या संघात कारोयला जागा मिळावयास हवी होती. पण मिळाली नाही. कारण एवढेच, की तो सार्जंट होता आणि संघात फक्त कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्यांना घ्यावे असा त्या वेळी तेथे नियम होता. त्याच्या नेमात काही उणे नव्हते. उणे होते ते हुद्द्यात.

बर्लिननंतर हा नियम उठविण्यात आला. पुढील ऑलिंपिक १९४० साली टोकियो येथे व्हावयाचे ठरले होते. तेव्हा कारोय तीस वर्षांचा असणार होता. नेमबाजाच्या दृष्टीने हे ऐन उमेदीचे वय. आता वाट मोकळी झाली असे त्याला वाटले असल्यास नवल नाही.

परंतु १९३८ साली सैन्याच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या हातातच फुटला. हात उजवा होता. ज्या हाताने त्याने सारा नाव-लौकिक मिळविला, तोच हात कायमचा निकामी झाला. महिनाभर त्याला इस्पितळात राहावे लागले. त्या वेळी तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

प्रिय वाचकहो, ह्यापुढची हकीकत नीट समजावयाची तर पिस्तुलाच्या खेळात हाताला काय करावे लागते हे थोडे पाहिले पाहिजे. बंदूक दोन्ही हातांनी धरतात आणि तिचा दस्ता खांद्याला टेकवतात. ऑलिंपिकमधील पिस्तुलाच्या स्पर्धेत मात्र पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे असते. हात लांब करावयाचा आणि त्याला कशाचाही आधार द्यावयाचा नाही. म्हणून सारे ओझे एका मुठीवर येते.

कारोयचा प्रकार शीघ्र नेमबाजीचा होता. पंचवीस मीटर अंतरावर पाच निशाणे शेजारी शेजारी उभी असतात. नेमबाज हात खाली झुकवून वाट पाहतो. त्या काळी निशाणे एकाएकी वळून समोर येत. तेवढ्यात हात उचलावयाचा आणि पाचही निशाणांवर एकेक गोळी झाडावयाची. त्यासाठी प्रथम आठ सेकंद मिळतात, नंतर सहा, आणि शेवटी अवघे चार. अशा बारा फेऱ्यांत साठ गोळ्या होतात. एका गोळीला जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे पूर्ण गुण ६००.

चार सेकंदांत पाच वेळा नेम धरावयास विचार करून भागत नाही. मुठीलाच ते ठाऊक असावे लागते. अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या बेचक्यात पिस्तुलाची पाठ दर वेळी त्याच जागी बसली पाहिजे. खालच्या तीन बोटांनी पिस्तूल सारख्याच दाबाने धरले पाहिजे. ना सैल, ना आवळून. मनगट ताठ हवे. आणि ह्या सर्वांत तर्जनीने एकटीने हलावयाचे. चाप सरळ मागे ओढावयाचा आणि बाकीच्या बोटांना त्याची खबरही लागू द्यावयाची नाही. शिकाऊ माणसाला हेच साधत नाही. तर्जनी हलली की सारी मूठ तिच्याबरोबर आवळते आणि नळी खाली जाते. उजव्या हाताने अशी चूक झाली तर गोळी बहुधा निशाणाच्या खाली डावीकडे लागते.

आता हात बदलला तर काय होते पाहा. तीच चूक डाव्या हाताने झाली की गोळी खाली उजवीकडे जाते. म्हणजे वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली प्रत्येक दुरुस्ती उलटी करावी लागते. उजव्या हातासाठी कोरलेली लाकडी मूठ डाव्या हातात बसत नाही. ती नव्याने घडवावी लागते. पुष्कळांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा प्रबळ असतो, आणि उजव्या हाताच्या माणसाचा तो बहुधा उजवा असतो. हात डावा आणि डोळा उजवा असला म्हणजे मान, खांदा व पाय ह्यांची ठेवणही नव्याने बसवावी लागते. ह्या सर्वांवर उपाय एकच. रिकामे पिस्तूल धरून चाप ओढण्याचा सराव शेकडो वेळा करावयाचा आणि मूठ दर वेळी तशीच बसते की नाही हे पाहावयाचे. अवघड आहे त्यापेक्षा हे काम कंटाळवाणेच अधिक.

शास्ते ह्या पुस्तकात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांविषयी आपण वाचतो. त्यांचा नेम विलक्षण होता. परंतु ते मुळातच डावखुरे होते. कारोय डावखुरा नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी, देशातील उत्तम नेमबाज असताना, त्याला पहिल्या यत्तेत जाऊन बसावे लागले. पूर्वी काहीच येत नसलेल्या माणसाला शिकताना लाज वाटत नाही. ज्याला एकदा सर्व काही येत होते, त्याला आपल्याच हाताचा अनाडीपणा पाहणे फार जड जाते. कारोयने ते सोसले. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्याने कोणासही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला.

१९३९ च्या वसंत ऋतूत हंगेरीच्या राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा भरल्या. कारोय तेथे आला. जुन्या सोबत्यांना वाटले, बिचारा सामने पाहावयास आला आहे. त्यांनी त्याच्याजवळ दुःख व्यक्त केले. तेव्हा आपण पाहावयास नव्हे, भाग घ्यावयास आलो आहोत असे त्याने त्यांना सांगितले, असे म्हणतात. आणि त्याने ती स्पर्धा जिंकली! त्याच साली जागतिक स्पर्धेत विजयी झालेल्या हंगेरीच्या संघातही तो होता.

गोष्ट येथेच संपली असती तरी ती सांगण्याजोगी झाली असती. परंतु त्याची खरी परीक्षा पुढेच होती. महायुद्ध सुरू झाले. १९४० चे ऑलिंपिक रद्द झाले, १९४४ चेही झाले नाही. १९४४ च्या अखेरीस बुडापेस्टला वेढा पडला. तो १९४५ च्या फेब्रुवारीत संपला तेव्हा शहराचा मोठा भाग मोडून पडला होता. पहिल्या वेळी कारोयला हुद्द्याने अडविले होते, मग अपघाताने, आणि आता युद्धाने. तिशीतील बहुतेक वर्षे अशीच निघून गेली.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले, तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. नेमबाजीचे सामने लंडनबाहेर बिझली येथे झाले. त्या वेळी अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियास साएन्स व्हालिएन्ते हा जगज्जेता होता आणि तोच जिंकणार असा सर्वांचा अंदाज होता. त्याने कारोयला तेथे पाहून, आपण लंडनला कशाकरिता आलात, असे विचारल्याची आठवण सांगतात. आपण शिकावयास आलो आहोत, असे कारोयने उत्तर दिले. स्पर्धा झाली. कारोयला ६०० पैकी ५८० गुण मिळाले, जुना जागतिक विक्रम मागे पडला आणि सुवर्णपदक त्याचे झाले. अर्जेंटिनाचा वीर ५७१ गुणांवर दुसरा आला. पदके देण्याच्या वेळी त्याने कारोयला, आपले शिकणे आता पुरेसे झाले आहे, अशा अर्थाचे काही हसत म्हटले, असे सांगतात. त्या दोघांचाही मोठेपणा ह्यात दिसतो.

चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकी येथे कारोयने तेच सुवर्णपदक पुन्हा मिळविले. ह्या प्रकारात आपले विजेतेपद राखणारा तो पहिलाच नेमबाज. ह्याच हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. कारोयचे गुण होते ५७९. दुसरा आला त्याचाच देशबंधू सिलार्ड कुन, ५७८ गुणांनी. हा तरुण कारोयचाच शिष्य होता. गुरू आणि शिष्य ह्यांच्यात एका गुणाचे अंतर! जे स्वतः गुपचूप शिकावे लागले ते कारोयने गुपचूप ठेवले नाही, दुसऱ्यांना शिकविले.

१९५६ साली मेलबर्नला तो तिसऱ्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरला. वय शेहेचाळीस, क्रमांक आठवा आला. पदक मिळाले नाही, परंतु म्हणून त्याने खेळ सोडला नाही. १९५८ साली मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक मिळविले. आयुष्यात त्याने पस्तीस राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. एके काळी ज्याला सार्जंट म्हणून संघाबाहेर ठेवले, तो सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाला. ५ जानेवारी १९७६ रोजी बुडापेस्ट येथे त्याचे निधन झाले.

इच्छा असली की सर्व काही होते, असा ह्या चरित्राचा अर्थ काढण्याचा मोह होईल. पण तो बरोबर नाही. इच्छेने कारोयचा उजवा हात परत आला नाही. गेलेली ऑलिंपिकेही परत आली नाहीत. जे गेले ते गेले हे त्याने मान्य केले, आणि जे उरले त्याला कमी लेखले नाही. डावा हात त्याच्याजवळ पहिल्यापासून होता. उजवा धड होता तोपर्यंत त्या हाताला काय येते हे कोणी विचारले नव्हते, खुद्द कारोयनेही नसेल.

आपल्या मंडळ्यांतही अर्धांगाच्या झटक्याने उजवी बाजू गमावलेली माणसे असतात. डाव्या हाताने घास घेताना सांडते म्हणून कोणी चारचौघांत जेवावयास बसत नाही. कोणी सही वेडीवाकडी येते म्हणून कागदच पुढून सारतो. अशांना पदकाच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. कारोयचा पहिला महिना कसा गेला असेल ते सांगावे. त्यांच्या सांडण्याला आणि चुकण्याला कोणी हसणार नाही असे घर त्यांना द्यावे. कारोयला एकांत शोधावा लागला, कारण लोक पाहत होते. आपण पाहणारे लोक जरा शहाणे झालो तर पुष्कळांना लपावे लागणार नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी एक सूचना. ही गोष्ट सांगण्यापूर्वी मुलांना एक कागद द्यावा आणि ज्या हाताने ती कधी लिहीत नाहीत त्या हाताने स्वतःचे नाव लिहावयास सांगावे. मुले प्रथम हसतील, मग ओळ सुधारण्याची खटपट करतील. पुढील रविवारी तेच पुन्हा करवावे, आणि त्यापुढील रविवारीही. चौथ्या रविवारी चारही कागद शेजारी शेजारी मांडावेत. अक्षर सुंदर झालेले नसेल. परंतु ते वाचता येऊ लागलेले असेल. मग कारोयची गोष्ट सांगावी.