जनरल ग्रँट यांचें शेवटचें वर्ष

कर्करोगानें मनुष्याचा देह झिजतो हें सर्वांस दिसतें; परंतु घरच्या माणसांशीं काय बोलावें व काय झांकून ठेवावें, हें त्याचें ओझें बाहेर दिसत नाहीं.

अमेरिकेंतील यादवी युद्धाचे सेनापति व १८६९ ते १८७७ पर्यंत त्या देशाचे अध्यक्ष असलेले युलिसिस ग्रँट यांजवर हें ओझें १८८४ सालीं आलें. (१८७९ सालीं जगाचा प्रवास करितांना ते पत्नीसह मुंबईसही आले होते.) त्या वर्षीं मे महिन्यांत त्यांचा पैका असलेली पेढी भागीदाराच्या लबाडीनें बुडाली. उन्हाळ्यांत पीच नांवाचें फळ खातांना घशांत असह्य कळ आली. तरी तज्ज्ञ डॉक्टरांकडे ते कित्येक महिने गेले नाहींत. आणि गेल्यावर जें कळलें तें त्यांनीं पत्नीस उघड सांगितलें नाहीं. हेतु मायेचा होता, पण ज्युलियाबाईंची चिंता त्यानें उणी झाली नाहीं. अखेर त्या स्वतःच डॉक्टरांस भेटून खरें काय तें विचारून आल्या.

आपल्यामागें त्यांचें कसें होईल, ह्या काळजीनें ग्रँट यांनीं युद्धाच्या आठवणींचें पुस्तक लिहावयास घेतलें. वडील मुलगा फ्रेडरिक मदतीस असे. आडवें निजवत नसे, म्हणून समोरासमोर दोन खुर्च्या मांडून ते रात्र काढीत. जून १८८५ मध्यें त्यांस न्यूयॉर्क संस्थानांतील माउंट मॅक्‌ग्रेगर येथें नेलें. तोंवर वाचा बहुतेक गेली होती. सर्व बोलणें कागदाच्या चिठ्ठ्यांवर चाले.

१० जुलै रोजीं तेथें सायमन बकनर भेटीस आले. हे विद्यालयांतले सोबती. ग्रँट तरुणपणीं पैशाच्या अडचणींत असतां ह्यांनींच मदत केली होती. पुढें १८६२ सालीं डोनेलसन किल्ल्यावर ह्याच मित्रास ग्रँट यांजपुढें बिनशर्त शरण यावें लागलें. आतां एक बोले व दुसरा चिठ्ठी लिही. त्या खोलींत वैर राहिलें नव्हतें.

पुस्तक संपल्यावर थोड्याच दिवसांनीं, २३ जुलै रोजीं, ग्रँट वारले. पुढें त्या पुस्तकापासून ज्युलियाबाईंस चार लक्ष डॉलरांहून अधिक मिळाले. परंतु त्यांच्या कोटाच्या खिशांत पत्नीच्या नांवें एक पत्र निघालें. जें तोंडानें सांगवलें नाहीं तें त्यांत होतें, निरोपही होता. आपल्या लष्करी विद्यालयाच्या भूमींत पुरलें जावें असें त्यांस वाटे. पण तेथें पत्नीस शेजारीं जागा मिळणार नाहीं, म्हणून त्यांनीं तो विचार सोडला. ज्युलियाबाई १९०२ सालीं वारल्या, व न्यूयॉर्क येथें नदीकांठच्या कबरस्थानीं त्यांस पतीच्या शेजारीं ठेविलें.