टीम बदलली, गडी तोच!

सीझन संपला, आता पुढं काय? या प्रश्नानं तुमची झोप उडाली असेल, तर हुआन मॅन्युएल फँजिओची गोष्ट ऐकाच. अर्जेंटिनातल्या बाल्कार्सेचा हा मेकॅनिक १९५१ मध्ये अल्फा रोमिओकडून फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला, अन् कंपनीनं रेसिंगच थांबवलं! पुढच्याच वर्षी मोंझाच्या अपघातात मान मोडली. तरी तो परतला. १९५४, १९५५ जिंकल्यावर मर्सिडीजनंही गाशा गुंडाळला. पठ्ठ्या १९५६ मध्ये फेरारीकडून जिंकला. मग तीही टीम सोडून मासेरातीत गेला आणि ४६व्या वर्षी पाचवं विजेतेपद पटकावलं. ड्रायव्हर ट्रॅकवरच जीव गमवायचे तो काळ. हा १९५८ मध्ये स्वतःहून थांबला, १९९५ पर्यंत जगला. टीम कंपनीची असते, कसब आपलं. आणि कधी थांबायचं, हेही आपणच ठरवायचं.