पेरियार ललईसिंग : पुस्तकबंदीला कोर्टात हरवणारा शिपाई

पुस्तकावर बंदी घालणारे सरकार नेमके कोणाला घाबरते? लिहिणाऱ्याला की वाचणाऱ्याला? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असेल तर उत्तर प्रदेशातल्या एका शेतकऱ्याच्या पोराचे आयुष्य बघावे लागेल. त्याचे नाव ललईसिंग. उत्तर भारतातली बहुजन जनता त्यांना आदराने पेरियार ललईसिंग म्हणते. आपल्या महाराष्ट्रात मात्र चळवळीच्या कित्येक कार्यकर्त्यांनाही त्यांचे कार्य नीट ठाऊक नाही.

कानपूर परिसरातल्या झींझकजवळच्या कठारा गावी १ सप्टेंबर १९११ रोजी एका यादव शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते ग्वाल्हेर संस्थानच्या पोलीस दलात भरती झाले. संस्थानी राजवटीत शिपायाचे हाल कुत्रे खात नव्हते. ललईसिंगांनी ते हाल उघड्या डोळ्यांनी पाहिले, स्वतः भोगले आणि कागदावर उतरवले. ‘सिपाही की तबाही’ हे ते पुस्तक. राजसत्तेच्या नोकराने राजसत्तेचेच वाभाडे काढावेत हे कसे सहन होणार? पुस्तक जप्त झाले. पुढे शिपायांच्या संपाचे नेतृत्व केले म्हणून १९४७ साली त्यांना तुरुंगात टाकण्यात आले. पुस्तक जप्त होणे म्हणजे काय, हा पहिला धडा त्यांनी तेव्हाच घेतला होता.

घरात पत्नी आणि एकुलती एक मुलगी अकाली गेली. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. उरलेले आयुष्य समाजाला देऊन टाकले. २१ जुलै १९६७ रोजी कुशीनगर येथे त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तीही भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे तेच हे चंद्रमणी! त्यानंतर ललईंनी आपल्या नावामागची जात कायमची पुसून टाकली.

धम्म स्वीकारला म्हणजे विचार घराघरात पोहोचवणे आले. त्यासाठी छापखाना हवा. ललईंनी शेती विकली आणि झींझकला छापखाना उभा केला. माणूस जमीन विकतो ती लग्नासाठी, आजारपणासाठी, नाहीतर कर्ज फेडायला. या माणसाने ती खिळे जुळवण्यासाठी विकली. पुस्तके स्वस्त काढायची, खेड्यातल्या माणसाला परवडतील अशी काढायची, हा त्यांचा बाणा. शंबूक आणि एकलव्य यांच्यावर त्यांनी नाटके लिहिली. तपश्चर्या केली म्हणून एकाचे मुंडके उडवले आणि विद्या मिळवली म्हणून दुसऱ्याचा अंगठा कापून घेतला. ज्ञानबंदीचे हे दोन बळी ललईंनी नेमके हेरले होते.

आता मुख्य लढ्याकडे येऊ. तामिळनाडूत पेरियार रामासामी यांनी रामायणातल्या पात्रांची परखड चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले होते. १९५९ साली ते इंग्रजीत आले. ललईंनी त्याचा हिंदी अनुवाद ‘सच्ची रामायण’ या नावाने १९६८ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी पुस्तक दहा वर्षे अस्तित्वात होते. पण उत्तर प्रदेश सरकारला जाग आली ती पुस्तक हिंदीत उतरल्यावर! ८ डिसेंबर १९६९ रोजी सरकारने हुकूम काढून इंग्रजी आणि हिंदी दोन्ही पुस्तके जप्त केली. मजकूर तोच होता, फक्त वाचणारा बदलला होता. शेतात राबणारा, ढोरे वळणारा, कारखान्यात खपणारा माणूस ते वाचू लागला होता. सरकारची झोप उडाली ती त्याच्यामुळे, असे म्हटले तर चुकीचे ठरेल काय?

हा हुकूम साधासुधा नव्हता. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९-अ अन्वये जप्ती जाहीर झाली की पुस्तकाची प्रत देशात जिथे सापडेल तिथे पोलिसांना ती ताब्यात घेता येत असे. मग दुकान काय आणि ग्रंथालय काय, सगळे सारखेच! भल्याभल्यांनी अशा वेळी गठ्ठे लपवले असते, नाहीतर माफी मागून मोकळे झाले असते. ललई थेट अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १९ जानेवारी १९७१ रोजी जप्तीचा हुकूम रद्द केला. सरकारने हट्टाने सर्वोच्च न्यायालय गाठले.

तिथे काय झाले ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कायद्याची अट अशी की, पुस्तक का जप्त केले याची कारणे सरकारने हुकुमातच द्यायला हवीत. सरकारने पाने आणि ओळींचा तक्ता जोडला होता, पण त्या ओळींनी नेमके काय बिघडते ते मात्र सांगितले नव्हते. बोट दाखवले, कारण दिले नाही! न्या. कृष्ण अय्यर, न्या. भगवती आणि न्या. फझल अली यांच्या पीठाने १६ सप्टेंबर १९७६ रोजी सरकारचे अपील फेटाळले. तेव्हा देशात आणीबाणी होती, वृत्तपत्रांना सेन्सॉरचे कुलूप होते. अशा काळात एका खेड्यातला प्रकाशक राज्य सरकारला हरवून बाहेर पडला. पेरियार रामासामी मात्र हा निकाल पाहायला नव्हते. १९७३ च्या डिसेंबरातच त्यांचे निधन झाले होते.

हा खटला चालू असतानाच, १९७० साली, ललईंनी छापलेले दुसरे पुस्तक सरकारने जप्त केले. ते होते ‘सम्मान के लिए धर्म परिवर्तन करें’. त्यात धर्मांतरावरची बाबासाहेबांची भाषणे होती! ज्यांनी देशाला संविधान दिले त्यांचेच शब्द त्या संविधानाखालच्या सरकारला नकोसे झाले. ललई पुन्हा कोर्टात गेले. १९७१ साली ती जप्तीही रद्द झाली.

हे उत्तर प्रदेशातच घडते असे समजून आपण गाफील राहू नये. १९८७ साली आपल्याच राज्य सरकारने बाबासाहेबांच्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’चा खंड प्रसिद्ध केला. राम-कृष्णावरच्या परिशिष्टावरून ओरड झाली आणि सरकार डळमळले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत निळा महासागर उसळला. परिशिष्ट वाचले, पण सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप लागलीच.

जप्तीचे ते कलम आजही जिवंत आहे. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक ९८ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरात याच कलमाखाली एका फटक्यात २५ पुस्तके जप्त झाली. आणि हुकूम न काढताही बंदी घालता येते, हे विसरू नका. शाळेच्या कपाटात पुस्तक आणलेच नाही, गावच्या ग्रंथालयाच्या यादीत ते येऊच दिले नाही, की काम झाले! त्या बंदीविरुद्ध कोणत्या कोर्टात जाणार? तिथे कारणाचा कागदच नसतो.

७ फेब्रुवारी १९९३ रोजी ललईसिंग गेले. त्यांनी खटले जिंकून पुस्तके सोडवून आणली. ती कपाटात लावण्याचे आणि कपाटातून काढून वाचण्याचे काम मात्र कोर्ट करणार नाही, ते आपलेच आहे. आपल्या वस्तीच्या विहारात हारतुरे आहेत, लाऊडस्पीकर आहे. पुस्तकांचे कपाट आहे काय? असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे? येत्या १ सप्टेंबरला ललईंच्या फोटोला हार घालण्याआधी एवढे एक काम करा : ते कपाट उघडा.