समुद्रात भिजलेली टपाल पिशवी

टपाल तिकिटं जमवणाऱ्यांचं गणित जरा उलटंच असतं. डाग पडलेलं, कडा गेलेली पाकिटं आपण फेकून देऊ. पण हॅरी हॉकरच्या विमानातलं पाकीट मिळालं, तर हे लोक त्या डागांसाठीच पैसे मोजतील.

हॉकर १८८९ साली मेलबर्नजवळ जन्मला. वडील लोहार. शिक्षणात मन रमेना, म्हणून बाराव्या वर्षीच पोरगा मोटारीच्या वर्कशॉपमध्ये लागला. १९११ मध्ये विमानांच्या वेडापायी त्याने इंग्लंड गाठलं. पुढच्या वर्षी सॉपविथ कंपनीत मेकॅनिक म्हणून चिकटला, सप्टेंबरमध्ये पायलटचं लायसन्स काढलं आणि ऑक्टोबरमध्ये सलग ८ तास २३ मिनिटं विमान उडवून मिशेलिन कप खिशात घातला. स्पीड बघा!

युद्ध संपलं आणि अटलांटिक न थांबता ओलांडणाऱ्याला १० हजार पौंड, या 'डेली मेल'च्या बक्षिसासाठी शर्यत लागली. न्यूफाउंडलंडच्या टपाल खात्याने या उड्डाणासाठी ३ सेंटच्या फक्त २०० तिकिटांवर खास मजकूर छापला. त्यातली ९५ पत्रांवर लागली.

१८ मे १९१९ रोजी हॉकर आणि त्याचा नॅव्हिगेटर मॅकेन्झी-ग्रीव्ह सेंट जॉन्सहून निघाले. वजन कमी व्हावं म्हणून उडाल्यावर चाकंच खाली टाकून दिली! काही तासांनी इंजिन तापू लागलं. पाणी उकळून उडून चाललं होतं. मग हॉकरने डोकं चालवलं. आयर्लंडचा हट्ट सोडून विमान जहाजांच्या वाटेकडे वळवलं. 'मेरी' नावाचं डॅनिश जहाज दिसलं, तसं त्याच्या पुढ्यात पाण्यावर उतरवलं.

जीव वाचला, पण जहाजावर वायरलेस नव्हता. इकडे सगळ्यांनी दोघांना मृत धरलं. राजा पाचव्या जॉर्जने पत्नी म्युरिअलला शोकसंदेशही पाठवला. ती मात्र हॅरी जिवंत आहे यावरच ठाम. २५ मे रोजी 'मेरी' स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आली, निशाणांच्या खुणांनी बातमी कळवली आणि म्युरिअल खरी ठरली.

त्यातच आणखी एक नवल. अर्धवट बुडालेलं विमान एका अमेरिकन जहाजाला सापडलं, टपालाच्या पिशवीसकट. पत्रं सुकवून पोचती केली गेली. अटलांटिक मात्र पुढच्याच महिन्यात अल्कॉक आणि ब्राउनने जिंकलं. हॉकरला ५ हजार पौंड मिळाले, सांत्वनापुरते.

१२ जुलै १९२१ रोजी हेंडनला शर्यतीच्या सरावात विमान कोसळून तो गेला. वय अवघं ३२. तपासणीत कळलं, त्याला मणक्याचा क्षय होता. त्या अवस्थेतही हा माणूस उडत होता.

नाव मात्र कंपनीच्या रूपाने उरलं. १९७१ मध्ये लोंगेवालाला रणगाडे टिपणारी आपली 'हंटर' आणि 'आयएनएस विक्रांत'वरून झेपावलेली 'सी हॉक', दोन्ही विमानं हॉकरचीच.