बाबासाहेब आणि कामगाराची नुकसानभरपाई



घटनेचे शिल्पकार बाबासाहेब आपण सारेच जाणतो. कामावर जखमी झालेल्या कामगारासाठी त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव परळच्या बी.आय.टी. चाळीत गिरणी कामगारांमध्येच अनेक वर्षे राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊनही त्यांचा मुक्काम बराच काळ याच चाळीत होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क मर्यादित करणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. त्याच्या नेतृत्वात ते होते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ पासून होता. पण भरपाईचा बोजा एकट्या मालकावर असे. मालकाने वाद घातला, तर जखमी माणसाला किंवा त्याच्या विधवेला आयुक्तापुढे दाद मागावी लागे. युद्धाच्या काळात बॉम्बहल्ल्याचे नवे संकट आले. १९४३ साली बाबासाहेबांच्या खात्याने युद्धजन्य इजांच्या भरपाईचा कायदा आणला आणि मालकांवर त्यासाठी सरकारकडे विमा उतरवण्याची सक्ती केली. त्याच वर्षी डिसेंबरात ते झरियाच्या कोळसा पट्ट्यात गेले आणि स्वतः खाणीत उतरून मजुरांची स्थिती पाहिली.

कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आले. त्यांचा अहवाल १९४४ साली सादर झाला. पुढे १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात आजारपण, बाळंतपण आणि कामावरची इजा ही तिन्ही संकटे एकाच विम्याखाली आली. तोवर मजूरखाते दुसऱ्यांकडे गेले होते. पाया मात्र बाबासाहेबांच्या काळात घातला गेला. १९४६ च्या दुरुस्तीने नुकसानभरपाई कायद्याची वेतनमर्यादा ३०० वरून ४०० रुपये झाली, आणि त्याच वर्षी बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, वेतन द्यावे, आजारपणात सेवकाची काळजी घ्यावी. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी जे केले, ते याच शिकवणीला धरून होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

केंब्रिजमध्ये रुग्णालयात, गोदामात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे. ब्रिटनमध्ये १९६९ च्या कायद्याने बहुतेक मालकांना किमान ५० लाख पौंडांचा विमा सक्तीचा आहे. इजा झाली तर अपघाताच्या नोंदवहीत ती लगेच लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवा. मालकावर दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. अपंगत्व १४ टक्के किंवा अधिक ठरले, तर सरकारकडून औद्योगिक इजा भत्ताही मिळू शकतो. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसू नका. भरपाई मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!